कर्ज टिपरचं, वसुली मुलीकडून?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. माझे दोन टिपर खाणीवर होते. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, टिपर मातीमोल विकले. आता मुलगी म्हणते, खाणीचे उतार सुरक्षित ठेवण्याचं इंजिनिअरिंग शिकायचंय. उतार जेसीबीवाला कापतो, त्याला इंजिनिअर कशाला? खंदकातल्या पाण्याचा पाइप रस्त्याखालून जातो, तो भरलेल्या ट्रकखाली फुटत कसा नाही, असलं काहीबाही विचारते. शिवाय खाणीत मुलींना घेतात का? कॉम्प्युटरच बरा, हे तिला समजवा.
– एक वडील, डिचोली (गोवा)

उत्तर : टिपरच्या हप्त्यांवर तुम्ही पानभर लिहिलंत (ते इथे गाळलंय), मुलीवर चार ओळी. झोप तुमची उडाली, हे मी हलक्यात घेत नाही. पण त्या कर्जाला मुलगी जामीन नव्हती. घरात खाणीचं नाव काढायचं नाही, हा तुमचा नियम तिच्या आवडीलाही लागू करताय, तेच मला खटकलं.

आणि ‘काहीबाही’? त्याच रस्त्यावरून इतकी वर्षं फेऱ्या मारताना तुम्हाला पडला होता का हा प्रश्न? पाइपवर पुरेशी भर असली की चाकाचा भार पसरत खाली जातो; पाइप उथळ पुरला तर तो भार थेट पाइपवर बसतो. म्हणून पाइप खोल नेतात, शिवाय मोठ्या मजबूत पाइपच्या पोटातून नेतात. आतला गळलाच तर पाणी भराव पोखरत नाही, बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी दिसतं.

आता जेसीबीवाल्याचं. १९६१ च्या खाण नियमावलीत मऊ जमिनीसाठी ४५ अंशांची मर्यादा आहे, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या. पण अंश मोजले म्हणजे उतार टिकला असं नाही. आपल्याकडे वर चिरा (जांभा दगड), खाली चिकणमाती आणि भुसभुशीत खनिज. खंदक भूजलाच्याही खाली गेलेले. वरून तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाणी मातीच्या पोटात दाबून बसलं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मे महिन्यात ठणठणीत उभी असलेली कड जुलैत खाली येते ती यामुळे. ते पाणी कुठे आहे, किती दाबाने आहे आणि कसं काढायचं, हे जेसीबीवाल्याने कुठून सांगायचं?

मुलींवरची बंधनं २०१९ मध्ये सैल झाली. उघड्या खाणीत अटींसह रात्रपाळीही करता येते.

मुलीशीही माझा एक मतभेद आहे. थेट मायनिंग शाखा नको, सिव्हिल घे. जेईई, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती-खडकांच्या इंजिनिअरिंगमध्ये, एमटेक. खाणी उद्या परत बंद पडल्या तरी खंदक आणि डंप (खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग) जागेवरच राहतात, त्यांचे उतार कोणीतरी सांभाळावेच लागतात. खाणीबाहेरही उतार आहेतच : चोर्ला घाट आहे, कोकण रेल्वेसाठी कापलेले डोंगर आहेत.

कुठला डंप पावसात कुठल्या बाजूने सरकायचा, हे तुम्ही स्टिअरिंगवर बसून पाहिलंय. कॉम्प्युटरचा विषय काढण्याआधी एका संध्याकाळी तिला तेवढं सांगा.