'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात पहिल्यांदाच डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, होणार आहे. १९७९ ची जुनी गाइड वाचू की २०२४ ची नवी?

नवीच घ्या, कारण खेळ चालवायचा कसा हे ती सुरुवातीलाच शिकवते. खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांची १९७९ ची 'डंजन मास्टर्स गाइड' समोरच्याला खेळ येतो असं गृहीत धरते. हल्ला लागला की नाही हे ठरवणारे तक्तेसुद्धा त्यांनी खेळाडूंच्या पुस्तकात न देता इथेच ठेवले. नियम मास्टरच्या हातात राहावेत, हा त्यामागचा विचार. पुढे हे तक्ते खेळाडूंकडे गेले आणि गाइडमध्ये सल्ल्याला जागा मिळाली. २००८ च्या गाइडने कोणत्या खेळाडूला कशात रस असतो, कुणाला लढाईत, कुणाला गोष्टीत, हे छान उलगडून सांगितलं. २०१४ ची गाइड मात्र थेट जग रचण्यापासून सुरू होते आणि नवखा तिथेच अडकतो. २०२४ मध्ये तो क्रम सुधारला.

तरी जुनी टाकाऊ नाही. तिच्या परिशिष्टात फासे टाकत अख्खं भुयार उभं करता येतं: दार कुठे, पुढे खोली की वळण, सगळं तक्त्यावरून. एकट्याने तयारी करताना ते आजही कामी येतं. फक्त तिथले लढाईचे आकडे नव्या नियमांत जसेच्या तसे वापरू नका.