रानातली बोर कुंडीत आणण्यापूर्वी

आपण बोन्सायसाठी, म्हणजे कुंडीत ठेंगणे ठेवून वाढवण्यासाठी, बालाघाटाच्या डोंगरातून बोरीचे झाड आणण्याविषयी विचारले आहे. परंतु राखीव वनातून परवानगीशिवाय झाड काढण्यास 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार मनाई आहे, म्हणून शोध शेताच्या बांधावर घ्यावा आणि मालकाला आधी विचारावे. शेळ्यांनी वर्षानुवर्षे खुडलेली बोर बुंध्याने जाड व उंचीने ठेंगणी राहते, अशीच निवडावी. पिंपळ फाल्गुनात, नवी पालवी फुटण्याच्या तोंडावर काढता येतो. बोर मात्र उन्हाळ्यात पाने गाळते, म्हणून तिला मृगाचे एक-दोन पाऊस होऊ द्यावेत. तिचे सोटमूळ फार खोल जाते, आणि ते एकदम तोडण्याच्या घाईत माझ्या दोन बोरी वाळल्या. आता मी पहिल्या वर्षी बुंध्याभोवती अर्धाच चर खणून त्यात वाळू भरतो व उरलेला अर्धा पुढच्या वर्षी खणतो. वाळू उकरल्यावर केसांसारखी बारीक, पांढरी मुळे दिसली, तरच झाड हलवतो. वाटेत मुळांना ओले गोणपाट गुंडाळावे. आपली काळी माती कुंडीत मुळीच नको, ती पाणी धरून ठेवते. चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा पुरे. फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळतात ती तार पहिले वर्षभर लावू नये.