स्विच काढून त्या जागी रिले बसवला तर चालेल का?

खोलीतला दिवा आणि पाण्याचा पंप, दोन्हींचे स्विच काढून ५ व्होल्टचे रिले (म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) बसवायचे आणि मायक्रोकंट्रोलरवरून (प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या चिपवरून) चालवायचे, असा तुमचा बेत दिसतो. जमेल, पण स्विच काढून टाकू नका.

दिव्याचं काम सोपं आहे. साध्या स्विचऐवजी टू-वे स्विच लावा आणि रिले म्हणजे जिन्यातल्या दिव्याचा दुसरा स्विच आहे असं समजा. टू-वे स्विचला तीन टोकं, रिलेलाही कॉमन, एनओ (एरवी तुटलेलं), एनसी (एरवी जोडलेलं) अशी तीनच. फेज स्विचच्या कॉमनला द्या, स्विचची उरलेली दोन टोकं रिलेच्या एनओ आणि एनसीला जोडा, रिलेच्या कॉमनवरून वायर दिव्याकडे न्या. कंट्रोलर बंद पडला तरी भिंतीवरचं बटण चालतं. खोट एवढीच की रिले ओढलेला (चालू) आहे म्हणजे दिवा लागलेला आहे असं नाही. ते कळायलाच हवं असेल तर करंट सेन्सर लागेल. एका दिव्यासाठी मी तरी तो खटाटोप करणार नाही.

पंपाची गोष्ट निराळी. रिलेवर छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या लोडसाठी असतात. एक एचपीचा पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट खेचतो. त्यात रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट चिकटले की प्रोग्राम काहीही म्हणो, पंप चालूच. म्हणून पंपाला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा करंट झेपणारा दणकट रिले, हवा. आपल्या छोट्या रिलेनं फक्त त्याची कॉइल (त्याला ओढणारं तारेचं वेटोळं) चालवायची. हिरव्या-लाल बटणांचा, आत कॉन्टॅक्टर असलेला स्टार्टर आधीच असेल तर उत्तमच: एका रिलेचा एनओ हिरव्या बटणाला पॅरलल, दुसऱ्याचा एनसी लाल बटणाच्या सिरीजमध्ये. पहिला रिले सेकंदभर ओढून सोडा, पुढे स्टार्टर स्वतःच होल्ड धरतो. ओव्हरलोड ट्रिप शाबूत राहते, आणि वीज जाऊन आली तर पंप आपोआप सुरू होत नाही. हे जोडकाम मात्र वायरमनकडून, एमसीबी पाडूनच करून घ्या.

राहिली रिलेची स्वतःची कॉइल. ती सुमारे ७० मिलिअँपिअर घेते, कंट्रोलरच्या पिनला ते झेपत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड लागतो. तयार मॉड्यूलवर दोन्ही असतात. बरीच मॉड्यूल पिन लो (० व्होल्ट) झाल्यावर रिले ओढतात, तेव्हा पिन आउटपुट करण्याआधी हाय लिहा, नाहीतर कंट्रोलर रीसेट झाला की पंप सुरू.