बेसाचा प्लॉट विकू की एफडी मोडू?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की वडील ६७ चे, फुप्फुसाचा कॅन्सरची गाठ असलेला भाग ऑपरेशनने काढला, आता २५ शेक (रेडिएशन) सांगितले, साडेतीन लाखाचं इस्टिमेट हातात आहे आणि नागपूरजवळच्या बेसाच्या प्लॉटला गिऱ्हाईक तयार आहे पण भाव पाडून मागतोय. माझं मत विचाराल तर प्लॉटला सध्या हात लावू नका.

आधी ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट काढा. मी डॉक्टर नाही, पण दोन ओळी पाहा, मार्जिन (कापलेल्या कडेला कॅन्सर उरला का) आणि एन (लिम्फ नोडमध्ये कुठवर पसरला; आकडा मोठा तितका जास्त). मार्जिन क्लिअर अन एन-० किंवा एन-१ असेल तर शेक सहसा देतच नाहीत. एन-२ असेल तरी युरोपातल्या ५०१ पेशंटच्या लंग आर्ट ट्रायलमध्ये ३ वर्षांनी आजार न उलटलेले शेकवाल्यांत ४७% आणि बिनशेकवाल्यांत ४४%, म्हणजे ठोस फरक नाही, उलट हार्ट-फुप्फुसाचा त्रास जास्त दिसला. मार्जिन पॉझिटिव्ह असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे पैशासाठी अडू नका. रिपोर्ट घेऊन जामठ्याच्या एनसीआयला (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला दुसरं मत घ्या, तुलनेत किरकोळ खर्च आहे तो.

शेक द्यायचेच ठरले तर सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे न, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, रेशन कार्ड लागते. पण योजना कॅशलेस आहे, आधी खिशातून भरून मग परत मागायला गेलात तर हात हलवत याल, म्हणून ॲडमिशनच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणारा माणूस) भेटा. मेडिक्लेम असेल तर रेडिएशन डे-केअरमध्ये बसते का ते पॉलिसीत बघा अन प्री-ऑथ (खर्चाची आगाऊ मंजुरी) टाका. तरी कमी पडले तर एफडी मोडू नका, तिच्यावर लोन घ्या, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण १-२ टक्केच जास्त पडते. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ८०डीडीबी कलमात (मोठ्या आजारांच्या उपचाराची सवलत) खिशातून गेलेल्या खर्चाची १ लाखापर्यंत वजावट, त्यासाठी स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा, लोक नेमकं तेच हरवतात.

प्लॉट काहून राखा म्हणतो? शेक पाचेक आठवड्यात आटपतात, त्या खर्चाला शेवट आहे. पण ईजीएफआर टेस्ट (गाठीतल्या जीनमधला बदल पाहणारी) पॉझिटिव्ह आली तर त्या बदलावरची ओसिमर्टिनिबची गोळी ३ वर्षांपर्यंत रोज चालते आणि ती महाग आहे. खरा पैसा तिथे लागतो. ही टेस्ट झाली नसेल तर डॉक्टरांना आधी तेच विचारा, आणि गिऱ्हाईकाकडून टोकन तोवर घेऊ नका.