हातमोज्यावरचा ससाणा आणि कड्यावरचा शाहीन

तुमचा प्रश्न असा: तुम्ही शारजात राहता. वाळवंटातल्या कॅम्पात गेला होतात, तेव्हा हातमोज्यावर बसलेल्या ससाण्याचे पस्तीसेक फोटो काढलेत. आता गावाकडच्या शाळेच्या दिनदर्शिकेसाठी सह्याद्रीच्या कड्यावर बसलेला शाहीन रंगवायचा आहे आणि संदर्भाला हेच फोटो घ्यायचे आहेत. एकजण म्हणाला, बंदिस्त पक्ष्यावरून काढणं म्हणजे फसवणूक. दुसरा म्हणाला, पक्षी तो पक्षी, बिनधास्त काढा. मला दोघांचंही पटत नाही. फोटो जरूर वापरा. पण त्यांत पक्ष्याचं काय आहे आणि माणसाने त्याच्यावर काय करून ठेवलंय, हे आधी वेगळं करायला हवं.

सगळ्यात आधी पक्षी कोणता ते ठरवू. कॅम्पातल्या माणसाने तुम्हाला ‘शाहीन’ सांगितलं आणि तुम्ही ते धरून चाललात. इथेच फसायला होतं. आखातात शाहीन म्हणजे कुठलाही बहिरी ससाणा, मग तो उत्तरेकडचा असो वा पिंजऱ्यात पैदास केलेला. तिथला दुसरा लाडका ससाणा म्हणजे सेकर, त्याला अरबीत हुर म्हणतात. आपण मराठीत शाहीन म्हणतो तो बहिरीचा इथला, वर्षभर राहणारा, कड्याकपारीत घरटं करणारा उपप्रकार. डोक्यावर गालापर्यंत उतरलेली काळी टोपी, गालावर पांढरं फारसं नाहीच, आणि छाती-पोट तांबूस, विटकरीकडे झुकणारं. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडून जो बहिरी येतो तो अंगाने मोठा, फिकट, गालावर पांढरा मोठा पट्टा आणि सुटी दिसणारी मिशी असलेला. नाव एकच, पक्षी दोन. तुमच्या फोटोतल्या पक्ष्याचं पोट पांढुरकं आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तो आपला शाहीन नव्हे, एवढं नक्की.

तो शुद्ध बहिरी आहे का, हाही प्रश्नच आहे. आखातात संकरित ससाणे सर्रास पाळतात: गायर (उत्तर ध्रुवाकडचा मोठा ससाणा) आणि बहिरी, गायर आणि सेकर. ओळखायची एक सोपी खूण सांगते. पक्षी शांत बसलेला असताना मिटलेल्या पंखाचं टोक शेपटीच्या टोकाशी ताडून पाहा. बहिरीत ते जवळजवळ शेपटीच्या टोकाला टेकतं. गायरमध्ये ते बरंच अलीकडे थांबतं. संकरित पक्षी मधे कुठेतरी. दुसरी खूण पायाच्या बोटांची. बहिरी हवेत पक्षी पकडून खातो, त्याची बोटं लांब आणि सडपातळ असतात, मधलं तर फारच लांब. गायरची बोटं आखूड आणि जाड.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही, चूक करून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका किल्ल्याच्या माहितीफलकासाठी शाहीन काढला होता. डोकं काळं केलं, पोट तांबूस केलं, रंग चोख होते. पण खालचं शरीर मी एका परदेशी पाळीव ससाण्याच्या फोटोवरून जसंच्या तसं उचललं होतं. फलक छापून लागला. उद्घाटनाला आलेले एक वयस्कर गृहस्थ, तीसेक वर्षं तेच कडे पाहत आलेले, बराच वेळ फलकासमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “बाई, ह्याचे पंख तोकडे आहेत.” मी घरी येऊन मोजले. खरंच तोकडे होते. रंग आपल्या शाहीनचा, हाडं दुसऱ्याच कुणाची. तो फलक अजून तिथेच आहे, आणि शाळेची मुलं त्यावरून शाहीन शिकतात याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहितेय. दिनदर्शिका तर वर्षभर भिंतीवर राहणार.

आता पाय. हातमोज्यावरच्या फोटोची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे आणि बहुतेकजण तिच्याकडे बघतच नाहीत. मोजा म्हणजे जाड, गोलसर, मऊ बैठक. बोटं त्यात रुततात, वळतात, पुढची नखं मोज्याच्या पलीकडे दिसेनाशी होतात. शिवाय माणसाने पायातल्या चामडी पट्ट्या मुठीत ओढून धरलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही पाय असतात त्याहून जवळ आणि किंचित पुढे ओढलेले दिसतात. चित्रकार काय करतो? मोजा खोडतो, खाली खडक काढतो आणि पाय तसेच ठेवतो. मग पक्षी खडकावर बसलेला न वाटता खडकाला चिकटवल्यासारखा वाटतो. कड्याच्या सपाट कपारीवर बसलेल्या बहिरीची बोटं पसरलेली, जवळजवळ आडवी टेकलेली असतात, पाय थोडे फाकलेले, आणि सगळं वजन तळव्यावर येतं. म्हणून पाय नव्याने काढा. खडकावर आधी तळव्याच्या दोन जागा नक्की करा, त्यावरून वर पोटापर्यंत या. वरून खाली येऊ नका.

चामडी पट्टी खोडताना आणखी एक. पट्टीच्या वर मांडीची पिसं दबलेली असतात. पट्टी गेली की तिथे एक विनाकारण खाच उरते, नडगी काडीसारखी दिसते. मोकळ्या ससाण्याच्या मांडीची पिसं सैल चड्डीसारखी नडगीवर उतरलेली असतात, आराम करत असला तर पायाचा बराचसा भाग त्यातच झाकला जातो.

शेपटीकडेही नीट बघा. पाळीव ससाण्याच्या शेपटीच्या मधल्या दोन पिसांवर बऱ्याचदा माग काढायचं छोटं यंत्र किंवा घुंगरू बसवलेलं असतं. ते फोटोच्या वेळी काढलेलं असलं तरी त्या दोन पिसांची बसकण बिघडलेली असते, मधे फट पडते किंवा ती जराशी उचललेली दिसतात. टोकं झिजलेली, तुटलेली असतात, कारण पक्षी दांडीवरून उडायला जातो, दोरी ताणली जाते आणि शेपटी जमिनीवर घासते. मोडलेल्या पिसाच्या जागी गळालेलं दुसरं पीस जोडायची पद्धत फार जुनी आहे. अबुधाबीच्या ससाण्यांच्या इस्पितळातही ते काम चालतं. जोडलेलं पीस बऱ्याचदा दुसऱ्याच पक्ष्याचं असतं, मग त्याचे पट्टे शेजारच्या पिसांशी जुळत नाहीत. तुम्ही इमानाने जसं दिसतं तसं काढाल आणि शाहीनच्या शेपटीत तिऱ्हाईत पीस येऊन बसेल. शेपटीत बारा पिसं मोजा, एका बाजूचे पट्टे दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा, जे पीस फटकून वागतं ते सोडून द्या.

(मोजण्याची सवय पुढे गिधाडं काढताना फार उपयोगी पडते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या शेपटीत बारा पिसं असतात आणि लांब चोचीच्या गिधाडाच्या शेपटीत चौदा. इतकं एकसारखं दिसणारं कुळ, आणि फरक दोन पिसांचा! मला ही गोष्ट कळली त्या दिवशी मी जुनी सगळी स्केचबुकं काढून बसले होते.)

चोचीबद्दल. रानात चोच हाडांवर, खडकावर घासून आपोआप आकारात राहते. पाळलेल्या पक्ष्याची वाढते, मग कानसीने घासून आकार देतात. त्यात ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला असलेला दात बोथट किंवा गोल होऊ शकतो. तो दात ही ससाण्याची ओळख आहे, भक्ष्याची मान त्यानेच तोडतो. तुमच्या फोटोत तो पुसट असेल तर इतर फोटो पाहून स्पष्ट काढा.

तुम्ही लिहिलंय की एका फोटोत पक्ष्याने रागाने चोच उघडली आहे आणि पंख जरा पसरले आहेत, तोच फोटो तुम्हाला सगळ्यात ‘जिवंत’ वाटतो. तो राग नसावा. दुपारची वेळ, वाळवंट, सावली नाही. पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो आणि पंख अंगापासून दूर धरून उष्णता बाहेर सोडतो. बघा, त्याचे डोळे कुणाकडे रोखलेले आहेत का? अंगावरची पिसं चपटी, आवळलेली असतील तर त्यात भीतीही आहे. अशा पक्ष्याला कड्यावर बसवून खाली ‘सह्याद्रीचा राजा’ लिहिलंत तर तुम्ही तहानलेल्या, घाबरलेल्या पक्ष्याचं चित्र शूरवीर म्हणून छापाल. माझी कळकळीची विनंती आहे, तो फोटो बाजूला ठेवा. निवांत बसलेल्या ससाण्याची पिसं फुललेली असतात, मान खांद्यांत बुडालेली, कधी एक पाय पोटात ओढून घेतलेला. हे तुमच्या पस्तीसांत एखाद्या तरी फोटोत असेल. त्या फोटोपासून सुरुवात करा.

फोनचं अंतर लक्षात घ्या. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जे जवळ ते मोठं होतं. चोच आणि डोकं फुगतं, शेपटी लहान होते. आणि कड्यावरचे जे फोटो तुम्ही बघणार ते लांबून, मोठ्या लेन्सने काढलेले, त्यात सगळं चपटं होतं. डोकं एका फोटोतून आणि धड दुसऱ्यातून घेतलं की मान जुळत नाही, आणि का जुळत नाही ते कळतही नाही. पुन्हा कॅम्पात गेलात तर दहा पावलं मागे उभे राहून झूम करून काढा.

मग या फोटोंतून घ्यायचं काय? खूप काही. रानातल्या शाहीनचा डोळा इतक्या जवळून तुम्हाला आयुष्यात दिसणार नाही. गडद तपकिरी, जवळजवळ काळा, भोवती पिवळी कातडी, वर भुवईच्या हाडाची कड, तिच्यामुळे तो सतत रोखून पाहतोय असं वाटतं. नाकपुडीच्या आतला तो बारीक खुंट. बोटांवरच्या खवल्यांची रांग. खांद्यावरची पिसं एकमेकांवर कशी चढतात, कुठून दिशा बदलतात. यातलं काहीही बंदिवासाने बदलत नाही. फक्त डोळ्यातली चमक तपासा. मोठं करून पाहिलंत तर तिच्यात तंबूचे दिवे किंवा फोन धरलेले तुम्ही स्वतः दिसाल. तिथे आकाश काढा. आणि वय बघा. छातीवर उभ्या रेघा असतील तर पिल्लूवयाचा, आडवे पट्टे असतील तर मोठा. कॅम्पातले पक्षी बहुधा माद्या असतात, कारण त्या नरापेक्षा बऱ्याच मोठ्या. जोडी काढणार असाल तर नर लक्षात ठेवून लहान काढा.

आता फसवणुकीचा मुद्दा. बंदिस्त पक्ष्यावरून काढणं हा या कलेचा जुनाच रस्ता आहे. इराणच्या शाह अब्बासने पाठवलेला ससाणा जहांगीराच्या दरबारात आला आणि थोड्याच दिवसांत मेला, तेव्हा बादशहाने उस्ताद मन्सूरला त्याचं चित्र करून ठेवायला सांगितलं. मुघल चित्रांतले ससाणे बसायच्या दांडीसकट, पायातल्या दोऱ्यांसकट दिसतात. कुणी काही लपवलं नाही. याउलट अमेरिकेचा पक्षीचित्रकार ऑड्युबॉन. 1833 मध्ये बॉस्टनला त्याने सापळ्यात सापडलेला जिवंत सोनेरी गरुड विकत घेतला. कोळशाच्या धुराने मारायचा प्रयत्न फसला, शेवटी छातीत लोखंडी सळई खुपसून मारला आणि मग त्याच शरीरावरून, बर्फाच्या डोंगरांवर पांढरा ससा घेऊन भरारी मारणारा गरुड रंगवला. पिसांचं काम थक्क करणारं आहे. मला मात्र तो गरुड उडताना दिसत नाही, टांगलेला दिसतो. कदाचित गोष्ट माहीत असल्यामुळेही असेल. तुम्ही कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहा: ‘डोळा, चोच व पिसांचा अभ्यास पाळीव ससाण्यावरून’. शाळेच्या मुलांनाही ते वाचायला आवडेल.

फोटो तुम्ही काढलेत, हक्क तुमचा. पण त्यातले काही कॅम्पाच्या छायाचित्रकाराने काढून दिले असतील तर त्याला विचारा. पैसे दिल्याने प्रत मिळते, चित्र करून छापायचा हक्क आपोआप मिळतोच असं नाही. भारतात छायाचित्रावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. तिकडे ससाणे पाळणं ही परंपरा आहे, 2010 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. इकडे बहिरी ससाणा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गावाकडून कुणी शिक्रा किंवा घुबड हातात धरलेला फोटो ‘संदर्भाला’ पाठवला, तर त्यावरून काढू नका, पुढे पाठवू नका, वनविभागाला कळवा. घरट्यावर जाऊन काढलेले फोटोही नकोत. माझ्या मते त्यांच्यापेक्षा तुमचे कॅम्पातले फोटो कितीतरी बरे. कड्यावर माणूस चढला की अंडी सोडून मादी उठते, आणि ती अंडी उन्हात राहतात.

राहिलं जिवंत वागणं, ते फोटोत मिळणार नाही. दुबईत रास अल खोरच्या पाणथळ अभयारण्यात हिवाळ्यात जा, आडोशात बसून मासेमार गरुड आणि ठिपकेदार गरुड बघा. शाहीन नसले तरी मोकळा शिकारी पक्षी बैठक कशी बदलतो, वारा आला की अंग कसं झुकवतो, ते पेन्सिलीने टिपा. दोन-दोन मिनिटांची, चार रेघांची चित्रं चालतील. सुट्टीत गावी आलात की सकाळी कड्याखाली लांब उभे राहा, दुर्बीण घेऊन. मुंबईला जाणं झालं तर हॉर्नबिल हाऊसमध्ये बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आधी परवानगी मागून संग्रहातला शाहीन बघता येतो का विचारा. पोटाचा तांबूस रंग फोटोवरून ठरवण्यापेक्षा तिथे ठरवा. पायांचा आणि चोचीच्या मुळाचा पिवळा मात्र जुन्या नमुन्यात उडून गेलेला असतो, तो तुमच्या कॅम्पातल्या फोटोतून घ्या.

रंग लावायच्या आधी पेन्सिलीचं चित्र मला दाखवा. मी पहिल्यांदा पंखाचं टोक आणि शेपटीचं टोक बघेन, मग पाय.