दप्तरात गोगो पेपर सापडला, आता?

प्रश्न : मुलगा सोळाचा, अकरावी सायन्सला, कॉलेज रोडला जेईईचा क्लास. परवा त्याची सॅक धुवायला काढली तर आतल्या कप्प्यात गोगो पेपरचं (सिगारेट वळायच्या कागदाचं) पाकीट आणि डोळ्यांत घालायच्या ड्रॉप्सची बाटली मिळाली. दोन्ही होतं तिथे ठेवून दिलं. यांना सांगितलेलं नाही, हात उचलतील. मेडिकलमध्ये लघवी तपासायचं किट मिळतं म्हणे. त्याला न कळता तपासू का?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, त्याला न कळता नमुना कसा मिळवणार आहात हे मला काही उमगलं नाही. पण ते असो.

गोगो पेपर पानटपरीवर मिळतो आणि त्यात नुसती तंबाखू भरून ओढणारेही असतात. पण शेजारी ड्रॉप्सची बाटली आहे, म्हणजे लाल डोळे घरात दिसू नयेत ही काळजी कुणीतरी घेतंय. तुमच्या जागी मी असते तर गांजा धरूनच चालले असते. ‘माझं नाही, मित्राचं आहे’ हे उत्तर येणारच, त्याची तयारी ठेवा.

आता किट. गांजाचा अंश लघवीत काही दिवस राहतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही. त्यामुळे किट ‘हो’ म्हणालं तरी एकदाच ओढला की रोज ओढतो, हे त्यातून कळत नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, तर नेहमीच्या किटमध्ये बहुधा सापडतच नाही. ‘नाही’ आलं की तुम्ही निर्धास्त, ‘हो’ आलं की घरात कोर्ट सुरू. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आयांचे महिने पुरावे जमवण्यात जातात. फोनचं लॉक, गुगल पेचा हिशेब, शर्टाचा वास. सगळी फाइल तयार होते, पण मुलाशी एक वाक्य बोललेलं नसतं. तुमच्या हाती आहे तेवढं बोलायला पुष्कळ झालं.

आधी नवऱ्याला सांगा, मुलगा घरात नसताना. एकच गोष्ट कबूल करून घ्या, हात उचलायचा नाही. ‘तुझ्या लाडानंच बिघडला’ हा अंकही तेव्हाच आटोपून घ्या, मुलासमोर नको.

मग मुलाशी बोला. रात्री नको, तो नशेत असताना तर नकोच, आणि आत्या-काकूंसमोर अजिबात नको. रविवारी मिसळ खायला गंगापूर रोडकडे निघालात तर येताना गाडीत बोला. शेजारी बसून, रस्त्याकडे बघत मुलं जास्त बोलतात, डोळ्यांत डोळे घातले की गप्प होतात. सुरुवात अशी करा : “सॅक धुताना मला गोगो पेपर आणि ड्रॉप्स मिळाले. मला काळजी वाटली. कधीपासून, कुणाबरोबर, हे सगळं आजच सांगायला पाहिजे असं नाही. पण त्यातून तुला काय मिळतं, ते मला ऐकायचंय.” आणि मग गप्प राहा. हेच अवघड आहे, आपल्याला मध्येच ‘अरे पण’ म्हणायची सवय.

उत्तर ‘सगळेच ओढतात’ असं आलं तर एक गोष्ट. ‘झोप लागत नाही, डोकं शांत होतं’ असं आलं तर गोष्ट पूर्ण वेगळी. क्लासच्या बाहेर टॉपरांचे फोटो लावलेली होर्डिंग्ज बघत रोज जाणारं ते पोर आहे. झोप आणि भीती यांचा इलाज आधी करावा लागेल. गांजानं लक्ष आणि स्मरणशक्ती मंदावते, म्हणजे ज्या अभ्यासाच्या ताणासाठी ओढायचं तोच अभ्यास डोक्यात राहत नाही. हे त्याला सांगा. ‘आयुष्य बरबाद होईल’ हे त्यानं रीलवर ऐकलेलं असतं. घराण्यात कुणाला गंभीर मानसिक आजार असेल तर मात्र थांबू नका आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण अशा मुलांना गांजानं भास-संशय सुरू होण्याचा धोका जास्त असतो.

घरातला नियम एका वाक्याचा ठेवा : घरात आणि गाडी चालवताना नशा नाही, आणि क्लासची फी सोडून रोख पैसे महिनाभर बंद. नियम मोडला तर काय होईल तेही तेव्हाच ठरवा, रागाच्या भरात नको. लक्ष ठेवायचं ते त्याच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी ताडून. वयात आलेलं पोर दार लावून बसतं, उलट बोलतं, त्यात नवल नाही. पण गोल्फ क्लबच्या मैदानावरचं क्रिकेट अचानक सुटलं, जुने मित्र एकदम तुटले, घरातले पैसे कमी होऊ लागले, दोन-दोन रात्री झोप नाही आणि मग दिवसभर मेल्यागत झोप, असं दिसलं तर घरगुती उपाय पुरे. मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, व्यसनासाठी १४४४६, दोन्ही फुकट. पोलिसांत नाव जाईल ही भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत आहे. दहावीतला मुलगा मित्राच्या वाढदिवसाहून झोकांड्या खात आला, ओकला आणि झोपला. मी स्वतः शनिवारी घेतो. मी कोणत्या तोंडाने रागवू?

उत्तर : भाऊ, त्याच तोंडाने. “मी घेतो, आणि तुला मनाई करतो, कारण तू पंधराचा आहेस.” यात ढोंग नाही. महाराष्ट्रात बिअरलाही २१ वर्षं लागतात, कडक दारूला २५. आणि अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा वाढदिवसाला बाटल्या कुणी पुरवल्या हे त्या घरी जाऊन शांतपणे विचारा. आपल्या नाशकात ‘वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच की’ असं म्हणत पोरांच्या ग्लासात घोटभर ओतणारे सुशिक्षित काका पुष्कळ आहेत. त्यांनाही हेच कलम लागू आहे. शनिवारची तुमची बाटली मात्र त्याला आणायला पाठवू नका, आणि ग्लासही भरायला सांगू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुन्हा कामी यायला नको पण येईल. इतकी प्यायलेल्या पोराला एकटं झोपू देऊ नये. कुशीवर वळवून ठेवा, उताणं नाही, ओकारी घशात अडकते. हाक मारून, हलवूनही जागं होत नसेल, श्वास थांबून-थांबून येत असेल किंवा अंग गार-निळसर पडलं असेल तर १०८ ला फोन. लिंबूपाणी, कॉफी, डोक्यावर गार पाणी यातलं काही करत बसू नका.

प्रश्न : भाचा सतरा वर्षांचा, मालेगावचा. तिथे ‘कुत्ता गोळी’च्या नादी लागला म्हणून बहिणीनं आमच्याकडे सिडकोत पाठवलाय. रोज घ्यायचा. खोलीत कोंडून चार दिवसांत सुटेल असं मेहुणे म्हणतात. नातेवाईक म्हणतात, रात्री गाडीत घालून एका केंद्रात सोडू, सांगायचं नाही.
— मामा

उत्तर : मामा, कोंडू नका. ही बहुधा अल्प्राझोलाम या झोपेसाठी, चिंतेसाठी देतात त्या औषधाची गोळी असते. रोजची सवय असताना ती एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवावरही बेतू शकतं. ती हळूहळू कमी करतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

रात्री उचलून नेण्याचं तर डोक्यातून काढा. १८ च्या आतल्या मुलाला दाखल करायचं तर पालकांचा अर्ज लागतो आणि मानसोपचारतज्ज्ञांसह दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं कुणीतरी किंवा नेमलेला माणूस पूर्ण वेळ सोबत लागतो. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. जे केंद्र ‘मुलाला सोडा आणि महिनाभर भेटू नका’ म्हणतं, तिथून परत फिरा.

बहिणीला मालेगावहून बोलावून घ्या आणि उद्या सकाळीच त्याला सांगून रुग्णालयात न्या. तोवर गोळी स्वतःहून एकदम तोडू नका. शेवटची कधी आणि किती घेतली ते कागदावर लिहा. गोळ्यांची स्ट्रिप हाती लागली तर फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.