विमान बदलायला ९ तासांचा थांबा आहे. तेवढ्यात १४ जणांच्या ग्रुपला शहर दाखवून आणता येईल का?

तुमचा ग्रुप १४ जणांचा, निम्मे लोक साठीच्या पुढचे, विमान सकाळी उतरणार आणि पुढचं विमान ९ तासांनी. नेणारे तुम्ही एकटे. अशा वेळी सगळ्यांना बाहेर काढावं की विमानतळावरच बसवावं, असं तुम्ही विचारलंय.

थांबा दिवसाचा असेल तर जरूर न्या. ग्रुप घेऊन जाण्याचंच काम मी करते आणि लांबच्या प्रवासात मधले तीन-चार तास मोकळ्या हवेत गेले की पुढच्या विमानात लोक किती ताजे असतात, हे मी बघत आलेय. सलग चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. साठीच्या पुढच्यांना म्हणूनच चालवायला हवं. फक्त तुमच्या हातात ९ तास आहेत हे डोक्यातून काढून टाका.

हिशेब पुढच्या विमानाच्या वेळेपासून मागे करत या. सुटण्याच्या ३ तास आधी ग्रुप विमानतळाच्या दारात हवा. आता सुरुवातीचं बघा. विमान टेकल्यावर ते गेटला लागणार, मागच्या रांगांतले लोक उतरणार, १४ जण इमिग्रेशनच्या, म्हणजे पासपोर्ट तपासणीच्या, वेगवेगळ्या रांगांतून बाहेर येणार, मग स्वच्छतागृह, पैसे बदलणं, गाडीपर्यंत पोचणं. दोन तास सहज जातात. उरले ४. शहर ४५ मिनिटांवर असेल तर जाऊन-येऊन दीड तास रस्त्यात. म्हणजे तुमच्याकडे अडीच तास आहेत. अडीच तासांत एकच परिसर, तोही पायी फिरण्याजोगा, आणि तिथेच बसून खाणं. दुसरं ठिकाण यादीत घालू नका. लोक आग्रह करतील, तरीही नाही.

हे मी भीतीपोटी सांगत नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर ट्रान्झिट, म्हणजे विमान बदलायला थांबलेल्या, प्रवाशांसाठी मोफत शहरदर्शन असतं. ते साधारण अडीच तासांचं असतं आणि त्यासाठी थांबा किमान साडेपाच तासांचा लागतो. ज्यांचं रोजचं काम हेच आहे, ज्यांची बस दारात उभी असते, तेसुद्धा अडीच तासांच्या फेरीसाठी वर ३ तास राखून ठेवतात. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय कनेक्शनच्या प्रवाशांना अशीच मोफत टूर मिळते, तिथे थांबा ६ ते २४ तासांचा लागतो. सोलच्या इंचॉन विमानतळावरही ट्रान्झिट टूर आहेत. तुमचं विमान यांपैकी कुठे थांबत असेल तर आधी तिकडे बघा. पण जागा मर्यादित असतात, त्यामुळे १४ जणांना एकाच फेरीत जागा मिळेलच असं धरून चालू नका. नाव नोंदवायची सोय आधीपासून असेल तर नोंदवा, आणि स्वतःचा बेत तयार ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ व्हिसावर घालवा, तोही निघायच्या कित्येक आठवडे आधी. विमानतळाच्या आत बसून विमान बदलणं वेगळं आणि इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडणं वेगळं. बाहेर पडलात की तुम्ही त्या देशात प्रवेश केला. मोफत टूर असली तरी ज्या पासपोर्टला व्हिसा लागतो त्याला तो लागतोच. ग्रुपमध्ये एखाद्याचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असतो, त्याचे नियम वेगळे, म्हणून ‘आपल्या सगळ्यांना लागत नाही’ असं सरसकट धरू नका. प्रत्येकाचा पासपोर्ट स्वतंत्र तपासा. काही देशांना व्हिसाखेरीज ऑनलाइन अरायव्हल कार्डही, म्हणजे पोचण्याआधी भरायचा माहितीचा फॉर्म, लागतं. सिंगापूरचं कार्ड पोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांतच भरता येतं आणि तेव्हा तुमचे लोक पॅकिंगच्या गडबडीत असतात. ते प्रत्येकाकडून भरून घ्या.

यात एक गोष्ट हमखास नजरेआड होते. व्हिसा सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच प्रवेश देणारा, असेल आणि जाताना थांब्यात बाहेर पडलात, तर तो वापरला गेला. येतानाही त्याच विमानतळावर थांबा असेल आणि तेव्हा बाहेर पडायचं असेल, किंवा सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागणार असेल, तर दारातच अडाल. अमेरिकेचं तर आणखी वेगळं आहे. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं, म्हणून व्हिसा किंवा प्रवासाची परवानगी आधीपासून हवीच.

मग सामान. सगळ्यांची तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तर पहिल्या विमानतळावर बॅगा देताना काउंटरवरच टॅग वाचा. टॅगवर तीन अक्षरी कोड असतो, तो शेवटच्या विमानतळाचा आहे का ते बघा. १४ च्या १४ टॅग बघा, एकावर कोड चुकीचा असला तरी तुमची टूर सामानाच्या बेल्टपाशीच संपली. पावत्यांचे फोटो काढून ठेवा. तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर मात्र बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पुढच्या विमानाचं काउंटर बहुतेकदा इतक्या आधी उघडलेलंच नसतं. तेव्हा सामान ठेवायची सोय शोधा आणि हिशेबातून आणखी तासभर कापा.

बॅगा थेट पुढे गेल्या असतील तर दोन गोष्टी ग्रुपला आधी सांगाव्या लागतात. स्वेटर, छत्री, चालायचे बूट आणि औषधं केबिन बॅगेत हवीत, कारण मोठी बॅग मधे मिळणार नाही. आणि शहरात घेतलेली प्रत्येक वस्तू परतताना सिक्युरिटीतून हातातूनच न्यावी लागणार. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली, मग ती अत्तराची असो की सरबताची, बहुतेक विमानतळांवर तिथेच काढून घेतात. शोभेची सुरीसुद्धा. कौतुकाने घेतलेली भेटवस्तू ट्रेमध्ये टाकून द्यावी लागली की माणूस हिरमुसतो, आणि ते त्याला खरेदीच्या आधी सांगणं तुमच्याच हातात असतं.

ज्यांना यायचं नाही त्यांना ओढू नका. १४ जणांत तिघं-चौघं तरी असे असतात ज्यांना फक्त आडवं व्हायचं असतं. त्यांच्यातल्याच एकाला जबाबदारी द्या, भेटायची जागा ठरवा, आणि गेट बदलू शकतं म्हणून दर तासाला स्क्रीन बघायला सांगा. चांगीसारख्या ठिकाणी आत बसणाऱ्यांचीही चैन असते, टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे. तिथला ४० मीटर उंचीचा प्रसिद्ध धबधबा ज्या ज्वेल इमारतीत आहे ती मात्र इमिग्रेशनच्या बाहेर येते. तो बघायचा तर प्रवेशाची सगळी कागदपत्रं लागतील.

आता प्रत्यक्ष फिरवणं. बसमध्ये बसल्या बसल्या प्रत्येकाला एक नंबर द्या. मोजताना तुम्ही डोकी मोजू नका. लोकांनी एक, दोन, तीन असे आपापले नंबर मोठ्याने म्हणायचे. कुणी गप्प राहिलं की कोण नाही हे त्याच क्षणी कळतं आणि शेजारचाच सांगतो, ‘सात नंबर मागे फोटो काढताहेत.’ पासपोर्ट तुमच्याकडे गोळा करू नका, ज्याचा त्याच्यापाशी राहू दे. तुमच्या फोनमध्ये फक्त फोटो ठेवा. बसमधून उतरताना मी एकच सांगते, ‘पासपोर्ट हातात धरून वर करा.’ एवढे सगळे हात वर झालेले दिसले की मगच दार उघडायचं. सीटच्या खिशात राहिलेला पासपोर्ट अशा वेळी नेमका सापडतो.

वेळ सांगतानाही असंच. फोन एअरप्लेन मोडवर राहिलेला असतो, कुणाच्या मनगटावर निघालेल्या गावची वेळ असते, आणि ‘साडेबाराला भेटू’ म्हटलं की प्रत्येकाचे साडेबारा वेगळे. सगळ्यांना घड्याळ बाहेर काढायला लावा, तुमच्या घड्याळाशी जुळवून घ्या, मगच सोडा. स्थानिक सिम सगळ्यांकडे नसेल तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर भिस्त ठेवू नका. भेटायची जागा लांबून दिसणारी आणि बसायला मिळेल अशी हवी.

पुढे तुम्ही चाला आणि शेवटी एक खमका माणूस ठेवा, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. वेग सर्वात हळू चालणाऱ्याचा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या बाईंना मी नेहमी पुढे, माझ्या शेजारी ठेवते. मागे ठेवलं की त्या धापा टाकत पोचतात तोवर बाकीचे विश्रांती घेऊन निघालेले असतात, आणि त्यांना बसायला मिळतच नाही. गाडी म्हणाल तर इतक्या लोकांसाठी ठरवलेली बस बरी. फक्त परतीची वेळ रहदारीची असेल तर ट्रेनचा विचार करा. ट्रेनने गेलात तर चढण्याआधीच सांगा: कुणी फलाटावर राहिलं तर त्याने पुढची गाडी पकडायची, आणि आपण सगळे पुढच्या स्टेशनला उतरून थांबायचं.

टूर रद्द करण्याची वेळही घरून निघतानाच ठरवून सांगून ठेवा. माझा नियम असा आहे की हातात ७ तासांपेक्षा कमी उरले तर ग्रुप बाहेर नाही. विमान उशिरा उतरलं तर तिथे उभं राहून चर्चा करत बसायची नाही. आधी सांगितलेलं असलं की लोक समजून घेतात. थांबा रात्रीचा असेल तर झोपायची सोय बघा.

हे सगळं इतकं काटेकोर का, तर थांब्यात स्वतःहून बाहेर पडून विमान चुकलं तर ती जबाबदारी एअरलाइनची नसते. आधीचं विमान उशिरा आल्यामुळे कनेक्शन चुकलं आणि तिकीट एकाच बुकिंगवर असलं तर ते पुढची सोय करतात. तुम्ही गेटवर हजरच झाला नाहीत तर नो-शो, आणि बहुतेक एअरलाइन्सच्या नियमांत त्यापुढचे सगळे टप्पे, परतीच्या तिकिटासकट, रद्द होऊ शकतात. शिवाय न आलेल्या प्रवाशाची बॅग विमानातून शोधून उतरवावी लागते, त्यात सगळे प्रवासी खोळंबतात.

म्हणून एखादा वेळेवर भेटला नाही तर काय करायचं, हेही ग्रुपला आधी सांगा. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटं वाट बघायची. मग बाकीच्यांना घेऊन तुम्ही विमानतळाकडे निघायचं, आणि चुकलेल्याने टॅक्सी करून थेट टर्मिनल गाठायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी द्या: विमानतळाचं आणि टर्मिनलचं नाव स्थानिक लिपीत, फ्लाइट नंबर, तुमचा फोन, आणि टॅक्सीपुरते स्थानिक पैसे. पोचल्या पोचल्या एअरलाइनच्या काउंटरवर त्या माणसाचं नाव आणि बॅगेच्या टॅगचा नंबर सांगून ठेवा.

तुमचा विमानतळ कोणता आणि सगळी तिकिटं एकाच बुकिंगवर आहेत का, हे खाली लिहा. तासांचा हिशेब करून देते.